बटण बरोबर दाबलं होतं, तरी आवाज मैदानभर गेला

कबड्डीच्या समालोचनाच्या टेबलावर गुरुजींनी डायरेक्टरशी खासगी बोलायचं बटण बरोबर दाबलं होतं, हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. कारण त्या रात्रीनंतर गावात बरेच दिवस हेच बोललं गेलं की वय झालंय, नवीन मशीन जमलं नाही, बटण चुकलं. बटण चुकलं नव्हतं, वायर चुकली होती आणि ती मी जोडली होती. म्हणून पूर्ण प्रकरण जसं घडलं तसं लिहितोय. गावोगावच्या कबड्डी, क्रिकेट, बैलगाडा शर्यती आता सगळ्याच लाइव्ह जातात आणि समालोचकाच्या टेबलावर असली बटणांची पेटी, म्हणजे कन्सोल, पण हळूहळू दिसायला लागलाय, तर हे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

रायगड जिल्ह्यातलं गाव, दोन रात्रींची कबड्डी स्पर्धा, शनिवार-रविवार, प्रकाशझोतात, मॅटवर. आपल्याकडे कबड्डी म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको, संध्याकाळी सहापासून माणसं खुर्च्या धरून बसलेली. आमच्याकडे लाइव्हचं काम होतं, चार कॅमेरे, आणि कंट्रोल रूम म्हणून मैदानामागच्या शाळेतला एक वर्ग मिळाला होता. समालोचनाला दोघं. एक रिटायर्ड गुरुजी, ज्यांनी या भागातली दोन पिढ्यांची पोरं मैदानावर उभी केली. दुसरा एक तरुण, स्वतः परवापरवापर्यंत जिल्ह्याकडून खेळलेला, त्याला सगळे भाऊ म्हणतात. आमची डायरेक्टर गुरुजींचीच विद्यार्थिनी, त्यामुळे ते तिला बाय म्हणतात आणि ती त्यांना गुरुजी. ऑडिओ माझ्याकडे.

दोघांचं टेबल मॅटपासून सहा-सात मीटरवर, छोट्या स्टेजवर. टेबलावर दोघांना एकेक अनाउन्सर कन्सोल. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, ही एक छोटी पेटी असते, तिच्यात समालोचकाचा माइक आणि हेडफोन दोन्ही लागतात आणि वर मोजकीच बटणं. आमच्या पेटीवर मोठं ऑन-एअरचं बटण, ते चालू असलं की लाल दिवा, म्हणजे तुमचा आवाज प्रसारणात जातोय. बाजूला टॉकबॅकची दोन बटणं, एक डायरेक्टरसाठी, एक ऑडिओसाठी म्हणजे माझ्यासाठी. टॉकबॅक दाबून ठेवलं की पेटीच्या आत मेन आउटपुट, म्हणजे प्रसारणाकडे जाणारी वाट, बंद होतो आणि माइकचा आवाज वेगळ्या तारेने फक्त त्या माणसाच्या कानात जातो. सोडलं की परत प्रसारण चालू. यात सगळी जादू एवढीच आहे की एकच माइक, एकच माणूस, पण बोटाच्या दाबावर ठरतं की हे वाक्य हजारो लोकांना जाणार का एकीलाच जाणार. पूर्वी समालोचकाला डायरेक्टरशी बोलायचं असेल तर चिठ्ठी, नाहीतर खाणाखुणा.

ऑन-एअर बटण कसं वागणार हे मागच्या छोट्या स्विचेसवरून ठरवता येतं. एकदा दाबलं की चालू राहणार आणि परत दाबलं की बंद, किंवा दाबून ठेवेपर्यंतच चालू, किंवा उलटं म्हणजे कायम चालू आणि दाबून धरलं तेवढाच वेळ बंद, खोकला आला तर उपयोगी पडतं ते. गुरुजींसाठी मी ऑन-एअर एकदा दाबून चालू राहणारं ठेवलं होतं आणि टॉकबॅक मात्र दाबून धरायचंच. टॉकबॅक कधीही अडकून राहणारं ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक टिचकी मारली, टॉकबॅक लागून राहिलं आणि माणूस पुढची दोन मिनिटं जीव तोडून फक्त डायरेक्टरला कॉमेंट्री ऐकवतोय असं होऊ शकतं, बोट उचललं की संपलं हे हाताला लगेच कळतं.

शनिवारी दुपारी एक वेगळाच त्रास निघाला, त्याचा या प्रकरणाशी पुढे संबंध येतो म्हणून सांगतो. गुरुजी रिहर्सलला बोलायला बसले आणि अडखळायला लागले. हा माणूस मैदानात उभा राहून हातात भोंगा धरून तासन्‌तास बोललेला, आणि इथे दोन वाक्यं धड येईनात. घाबरलेत असं सगळ्यांना वाटलं. मी त्यांचा हेडफोन माझ्या कानाला लावून बोललो तर मी पण अडखळलो. झालं होतं असं की चित्र थोडं उशिरा पोचतं म्हणून प्रसारणाच्या आवाजाला मी मिक्सरमध्ये डिले, म्हणजे मुद्दाम उशीर, लावला होता, सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, असे चारेक फ्रेम, आणि गुरुजींच्या कानात तोच डिले लावलेला आवाज जात होता. म्हणजे स्वतःचा शब्द स्वतःलाच उशिरा ऐकू येत होता. माणसाच्या मेंदूला हे अजिबात झेपत नाही, 200 मिलिसेकंदाच्या आसपास उशीर असेल तर चांगला बोलणाराही तोतरा होतो. मग त्यांच्या कानात त्यांचा आवाज सोडून बाकी सगळं, म्हणजे मैदानाचा आवाज, भाऊचा आवाज आणि डायरेक्टर, असं वेगळं मिक्स करून दिलं, आणि त्यांचा स्वतःचा आवाज पेटीतूनच सरळ कानात, बिनउशिराचा. लगेच गाडी रुळावर आली. फक्त मैदानातल्या भोंग्यांचा जो आवाज बाहेरून कानावर पडतो तोही उशिरानेच येतो ना, वीस मीटर लांबचा स्पीकर म्हटला तरी साठेक मिलिसेकंद, म्हणून मी त्यांना सांगितलं, गुरुजी हेडफोन दोन्ही कानांवर घट्ट ठेवा, बाहेरचं काही ऐकूच नका. त्यांनी शब्दशः पाळलं. माझं हे सांगणं रात्री नडलं.

सहा वाजता आम्ही सगळं तपासलं. गुरुजींनी डायरेक्टरचं टॉकबॅक दाबलं, एक-दोन-तीन म्हटलं, इकडे प्रसारणाचा मीटर शांत, डायरेक्टरच्या छोट्या स्पीकरमध्ये आवाज स्वच्छ. भाऊचंही तसंच. ओके म्हणून मी वहीत टिक मारली.

आणि सव्वासातला मंडळाचा एक कार्यकर्ता मंडपवाल्याच्या साउंडवाल्याला घेऊन आला. म्हणाला, गुरुजींचा आवाज मोबाईलवर सगळं जग ऐकणार आणि आपल्याच गावाला नाही का ऐकवणार, मैदानातल्या स्पीकरवर पण द्या. मागणी अगदी रास्त होती. पण माझ्या मिक्सरचे सगळे ऑक्झिलरी आउट, म्हणजे वेगळं मिक्स बाहेर द्यायच्या जागा, हेडफोनच्या त्या मिक्समध्ये संपलेले, पहिली मॅच साडेसातला, टॉस झालेला. साउंडवाल्याच्या पेटीत एक वाय केबल होती, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन. गुरुजींच्या हेडसेटच्या माइकची तार तीन पिनची वेगळी निघते आणि हेडफोनचा जॅक वेगळा. मी माइकची तार कन्सोलमधून काढली, वाय केबलमध्ये घातली, एक शेपूट परत कन्सोलमध्ये, दुसरं साउंडवाल्याच्या बॉक्समध्ये. दोन मिनिटांचं काम. डायनॅमिक माइक, म्हणजे तारेतूनच माइकला द्यायच्या 48 व्होल्टच्या विजेची, फँटमची, गरज नाही, भानगड नाही. आवाज किंचित उतरला असेल, मीटरवर कळण्याइतका पण नाही. दोन्हीकडे आवाज आला, साउंडवाला खूश, कार्यकर्ता खूश.

आता ज्याला या कामाची थोडी माहिती आहे त्याला इथेच दिसेल काय झालं ते. वाय केबल कन्सोलच्या आधी बसली. कन्सोल जे काही बंद करतो, ऑन-एअर असो, खोकल्याचं असो, टॉकबॅकच्या वेळचं असो, ते सगळं तो स्वतःच्या आउटपुटवर करतो. त्याच्या आधीच फुटलेल्या तारेवर त्याचा काही ताबा नाही. म्हणजे सव्वासातपासून गुरुजींसमोर जी पेटी होती तिचा लाल दिवा फक्त लाइव्हपुरता खरा होता, मैदानापुरता तो खोटा होता. आणि मी परत टेस्ट घेतली नाही. सहाची टिक वहीत होतीच.

पहिल्या दोन मॅच काहीच कळलं नाही. मैदानात एवढा आरडाओरडा, शिट्ट्या, एकेका पकडीला फटाके, त्यात स्पीकरवर गुरुजी मध्येच दोन वाक्यं काय बोलले कोण ऐकतंय. दोन मॅचच्या मध्ये साउंडवाला गाणी लावायचा आणि गुरुजींचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली घ्यायचा, त्यामुळे तेव्हाच्या गप्पा बाहेर आल्या नाहीत. नंतर चौकशी केली तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरचे दोघं-तिघं म्हणाले की अधूनमधून "बाय, त्या कोपऱ्यातल्याला दाखव" असं ऐकू आलेलं, पण आम्हाला वाटलं ती कॉमेंट्रीच आहे, गुरुजी तसे घरगुतीच बोलतात.

तिसरी मॅच उपांत्यपूर्व फेरीची, पहिला हाफ संपायला चार-पाच मिनिटं होती, गुण जवळजवळ बरोबरीत. एका संघाने टाइमआउट घेतला, तीस सेकंदाचा. आणि कधी नव्हे ते मैदान शांत झालं. या संघाचा पाच नंबर, वीस-एकवीसचा पोरगा, तोच त्यांचा मुख्य चढाईपटू. गुरुजींच्या नजरेला जे दिसतं ते आमच्या चार कॅमेऱ्यांना दिसत नाही. त्यांनी बघितलं की पोरगा पाणी प्यायला वाकताना उजव्या पायावर वजन टाकत नाहीये, आणि ते लपवतोय. हे कॉमेंट्रीत बोलायचं नाही एवढं भान त्यांना होतं, खेळ चालू असताना पोराचं दुखणं जाहीर करायचं नसतं. म्हणून त्यांनी टॉकबॅक दाबलं, नीट दाबून धरलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "बाय, पाच नंबरचा उजवा घोटा गेलाय, लपवतोय तो, पायावर कॅमेरा ठेव, नंतर लागेल आपल्याला."

आणि हे वाक्य चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून शांत मैदानात घुमलं.

शाळेच्या वर्गात आम्हाला काहीच कळलं नाही. प्रसारणात त्या वेळी फक्त मैदानाची कुजबुज. डायरेक्टरला तिच्या स्पीकरमध्ये वाक्य आलं, तिने "हो गुरुजी" म्हटलं आणि कॅमेरामनला सांगितलं. गुरुजींच्या दोन्ही कानांवर घट्ट हेडफोन, मीच सांगितलेले. भाऊला सवय आहे एक कान उघडा ठेवायची, त्याने ऐकलं. त्याने गुरुजींच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली, पण काय झालं ते त्यांना समजेना, ते अजून बटण धरूनच बसलेले. पाच नंबरने स्टेजकडे वळून बघितलं. तो क्षण आमच्या तीन नंबर कॅमेऱ्यात आहे, मी नंतर बघितला. रागाने नाही बघितलं त्याने. नुसतं बघितलं, आणि मग उजवा पाय जमिनीवर पूर्ण टेकवून उभा राहिला.

टाइमआउट संपला. त्याची पुढची चढाई, समोरचा डावा कोपरा आधी हाताकडे जायचा तो या वेळी सरळ घोट्यावर आला. पोरगा सुटला नाही. त्यानंतर एकदा परत तेच, आणि हाफच्या शेवटी त्यांच्यावर लोण चढला, म्हणजे अख्खा संघ बाद. त्या लोणाचं कारण आमचं वाक्यच होतं का, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, घोटा धरणं हा खेळाचाच भाग आहे आणि पोरगा आधीच दुखावलेला होता. पण मला विचाराल तर मी ते स्वतःला माफ केलेलं नाही.

साउंडवाल्याचा फोन आला, "शेठ, गुरुजींचं आतलं बोलणं बाहेर येतंय." हाफटाइम पाच मिनिटांचा. मी पळत टेबलावर. आणि खरं सांगतो, पहिला संशय मलाही पेटीवरच आला. मागचे स्विच बघितले, टॉकबॅकला मेन बंद होण्याचा स्विच बरोबर जागेवर. हेडफोन काढून मेन आउटला लावला, गुरुजींना टॉकबॅक दाबून बोलायला लावलं, पूर्ण शांतता. मग भाऊचा कन्सोल बघितला, तो पण ठीक. साउंडवाल्याला म्हटलं गुरुजींचा फेडर वर घे, आणि गुरुजींना म्हटलं ऑन-एअर बंद करून बोला. लाल दिवा विझलेला आणि स्पीकरमधून "एक, दोन" स्वच्छ. तेव्हा मी टेबलाखाली वाकलो. माइकची तार, तिच्या पुढे ती काळी वाय केबल, तिची दोन शेपटं. हाताने धरून बघितल्यावर तीन सेकंदात समजलं.

उपाय पण तिथेच हातात होता. तीच वाय केबल काढली, माइक सरळ कन्सोलमध्ये लावला, आणि वाय केबल कन्सोलच्या मेन आउटवर बसवली. एक शेपूट माझ्या मिक्सरकडे, एक साउंडवाल्याकडे. आउटपुट असा दोन इनपुटना वाटला तर चालतो, दोन आउटपुट एकत्र बांधायचे नसतात एवढंच. फरक फक्त पातळीचा, माइकचा आवाज म्हणजे काही मिलिव्होल्ट आणि हा लाइन लेव्हल म्हणजे व्होल्टच्या घरात, त्यामुळे साउंडवाल्याला पॅड, म्हणजे येणारा आवाज एकदम उतरवणारं बटण, दाबायला लावलं, गेन म्हणजे आवाज वाढवायची कळ पार खाली, आणि त्याच्या चॅनलचं फँटम बंद करायला लावलं, उगाच 48 व्होल्ट उलटे कन्सोलच्या आउटपुटवर नकोत. मग परत टेस्ट. टॉकबॅक दाबलं, दोन्हीकडे शांत. ऑन-एअर बंद केलं, दोन्हीकडे शांत. हे सगळं धरून साडेतीन मिनिटं लागली. संध्याकाळी पण एवढीच लागली असती.

नंतर ओळखीच्या दोघा-तिघांनी सल्ला दिला की स्वस्त वाय केबलच्या जागी चांगला ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर घे. घ्यावा, जरूर घ्यावा, त्याने घरघर कमी होते, दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या राहतात. पण या प्रकरणात लाख रुपयांचा स्प्लिटर कन्सोलच्या आधी बसवला असता तरी हेच वाक्य मैदानात गेलं असतं, कदाचित अजून स्वच्छ गेलं असतं. जिथे फाटा फुटला ती जागा चुकीची होती, वस्तू नाही. समालोचकाच्या माइकमधून कन्सोलमध्ये एकच वाट गेली पाहिजे, बाकी ज्याला कोणाला आवाज पाहिजे, मैदान, रेकॉर्डिंग, केबलवाला, त्याने कन्सोलच्या पुढून घ्यायचा. यात मी आता कोणाचं ऐकत नाही.

वायर जागेवर आली, पण गुरुजी नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी टॉकबॅकला हात लावला नाही. कॉमेंट्री केली, पण मोजून मापून, जसं काही प्रत्येक शब्द तपासून बाहेर सोडतायत. अव्वल पकड झाली तरी आवाज चढला नाही. डायरेक्टर त्यांना कानात विचारायची, "गुरुजी, पंचांनी बोनस का दिला, रिप्ले कुठला लावू?" आणि ते मान हलवायचे, नाहीतर कागदावर लिहून भाऊला दाखवायचे आणि भाऊ सांगायचा, तोवर पुढची चढाई सुरू. तीस सेकंदांची चढाई असते, कागद पुरत नाही तिथे. प्रसारण तांत्रिक दृष्ट्या आता बिनचूक होतं आणि तरी पहिल्या हाफपेक्षा पडलेलं होतं. ज्याच्याकडे बघण्याची नजर आहे त्याचाच पेटीवरचा विश्वास उडालेला.

मॅच संपल्यावर गुरुजी हेडसेट टेबलावर ठेवून सरळ त्या संघाकडे चालत गेले. मी पण मागोमाग. संघाचा कोच तापलेला होता, त्याचं काही चुकलं नाही. मी सांगितलं की गुरुजींनी बटण बरोबर दाबलं होतं, वायर माझी होती. कोचला वायरशी काय देणंघेणं, तो म्हणाला, "आमचं पोरगं उघडं पडलं ना." गुरुजींनी काही सारवासारव केली नाही. खाली बसले, पोराचा घोटा हातात घेतला, बोटांनी दाबून बघितला आणि विचारलं, "कधीपासून?" पोरगा म्हणाला, "गुरवारपासून, गुरुजी." ते म्हणाले, "मग मला दिसलं ते बरोबर होतं, सांगितलं ते चुकीच्या कानात गेलं." सकाळी तालुक्याला नेऊन एक्स-रे काढायला लावला त्यांनी, स्वतः बरोबर गेले. मोडलं नव्हतं.

रविवारी मी चार वाजताच मैदानात गेलो. गुरुजींना तोंडाने सांगून उपयोग नव्हता, सांगणारा मीच होतो. म्हणून साउंडवाल्याला सिस्टीम पूर्ण चालू करायला लावली, सामन्याच्या आवाजावर, आणि गुरुजींना मैदानाच्या मध्यरेषेवर उभं केलं, कानात काही नाही, उघड्या कानांनी. त्यांच्या जागेवर मी बसलो. ऑन-एअर लावून बोललो, चारही स्पीकर दणाणले. मग टॉकबॅक दाबून बोललो, दहा-बारा वाक्यं, मोठ्याने, माझे ओठ त्यांना तिथून दिसत होते. स्पीकर गप्प. ते कान देऊन उभे. मग म्हणाले आता भाऊला बसव. मग म्हणाले आता खोकल्याचं दाखव. वीस मिनिटं गेली असतील, मी एकदाही घाई केली नाही. शेवटी एका स्पीकरच्या अगदी जाळीला कान लावून म्हणाले, "परत एकदा." परत एकदा केलं.

त्या दिवशी अजून दोन गोष्टी बदलल्या. साउंडवाल्याच्या मिक्सरजवळ आमचा एक पोरगा बसवला, त्याचं काम एवढंच की मैदानात उघड्या कानांनी ऐकत राहायचं आणि नको ते ऐकू आलं तर लगेच कंट्रोल रूमला कळवायचं. कारण बाकी आम्ही सगळे, समालोचक, डायरेक्टर, मी, हेडफोनच्या आत होतो, मैदानात खरोखर काय ऐकू येतंय हे ऐकणारं आमच्यातलं कोणीच नव्हतं. आणि दुसरं, एकदा टेस्ट झाल्यावर एकही तार हलली तर पूर्ण टेस्ट परत, टॉस झालेला असला तरी, संयोजक डोक्यावर उभे असले तरी. वहीतली टिक मी आता पेन्सिलने मारतो.

फायनलला गुरुजी बसले. पहिली आठ-दहा मिनिटं टॉकबॅक नाही. आम्ही कोणी काही बोललो नाही, डायरेक्टरने पण कानात काही विचारलं नाही. मग एक टाइमआउट झाला, मैदान जरा शांत झालं. गुरुजींचा आवाज डायरेक्टरच्या स्पीकरमधून आला, अगदी हळू, "बाय, फक्त तुलाच येतंय ना?"

"फक्त मलाच, गुरुजी."

दोन सेकंद काहीच नाही. मग म्हणाले, "तो डाव्या कोपऱ्यातला बघ, आता पुढच्या चढाईला तो साखळी सोडणार," आणि तिने दोन नंबर कॅमेरा तिकडे वळवला.